अर्धांगवायूच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्या माणसाला सांभाळताना

घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की दवाखान्यातले पंधरा-वीस दिवस सगळं गोत धावून येतं. डबे येतात, रात्री थांबायला भाचे-पुतणे असतात, पैशांचीही सोय होते. डिस्चार्ज मिळून रुग्ण घरी आला की महिन्याभरात ही वर्दळ ओसरते आणि मागे एकच माणूस उरतं. बहुतेक घरांत ती बायको, सून किंवा मुलगी असते. नवरा किंवा मुलगा असला तर तो स्वतःच्या हालाबद्दल सहसा अवाक्षर काढत नाही, एवढाच फरक. पुढची काही वर्षं हे माणूस त्या खोलीला बांधलेलं असतं.

हा लेख त्याच्या आसपासच्या नातलगांसाठी आहे: भाऊ, नणंद, जाऊ, दीर, परगावी असलेली मुलं. कौतुकाने आणि सल्ल्याने सांभाळणाऱ्याचं मन सावरत नाही. तिच्या हातातलं ठरावीक काम ठरावीक वेळी दुसऱ्या कुणीतरी उचललं की सावरायला लागतं. म्हणून मनाबद्दल बोलायच्या आधी तासांबद्दल बोलू.

आधी चोवीस तास कागदावर मांडा

एक पूर्ण दिवस त्या घरी जाऊन बसा आणि काय काय होतं ते वेळेसकट लिहून काढा. हा कागद तिला भरायला सांगू नका; तिच्या कामात ती आणखी एक भर होईल, शिवाय सवयीची झालेली निम्मी कामं ती लिहिणारच नाही.

नाकातून नळी असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा हिशेब साधारण असा निघतो. नळीतून अन्न दिवसाला ६ वेळा: मिक्सरमधून काढून गाळायचं, पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायची, २०० ते २५० मिली सावकाश सोडायचं, मग पाणी सोडून नळी साफ करायची. दर खेपेला अर्धा तास, म्हणजे ३ तास. अन्न दिल्यावर अर्धा तास रुग्णाला आडवं करता येत नाही, तेव्हाही लक्ष ठेवावं लागतं. तो वेळ यात धरलेलाच नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं १२ वेळा, १० मिनिटांप्रमाणे २ तास. डायपर ५ वेळा, सव्वा तास. अंग पुसणं, तोंड साफ करणं, चादर बदलणं, पाऊण तास. फिजिओने शिकवलेले व्यायाम दोन वेळचे मिळून १ तास. औषधं ४ वेळा कुटून, पाण्यात कालवून देणं, ४० मिनिटं. (सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात. कोणत्या कुटायच्या नाहीत हे केमिस्टला एकदा विचारून घ्या.)

बेरीज ८ तास ४० मिनिटं. नोकरीची एक पूर्ण पाळी. त्यात स्वयंपाक, धुणं, मुलांचे डबे, औषधांच्या दुकानाची फेरी, फोन, काहीच धरलेलं नाही. आणि हे तास सलग नसतात. दोन कामांच्या मधे पाऊण तासाचा तुकडा मिळतो, त्यात झोप लागत नाही, बाहेर जाता येत नाही, धड कुणाशी बोलताही येत नाही. ‘दिवसभर घरीच तर असते’ असं म्हणणाऱ्यासमोर हा कागद ठेवला की पुढचं बोलणं सोपं होतं.

पहिली मदत झोपेची

चिडचिड, रडू येणं, विसरायला होणं, रुग्णावर ओरडणं, यांतलं बरंचसं महिनोन्महिने तुटक झोपल्यामुळे असतं. म्हणून इतर काही जमो न जमो, आठवड्यातल्या दोन रात्री दुसऱ्याने घ्यायच्या. कोणत्या वारी, ते ठरलेलं हवं. ‘जमेल तेव्हा येतो’ यात तिला विसावा नसतो, कारण त्या भरवशावर तिला काहीच ठरवता येत नाही.

रात्र घ्यायची म्हणजे साडेदहाला तिथे पोचायचं, अकराला ताबा घ्यायचा आणि पहाटे साडेपाचपर्यंत तिला उठवायचं नाही. ती दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपेल. घर लहान असेल तर शेजारी किंवा जवळच्या नातलगाकडे झोपायची सोय करा. रुग्णाच्या खोलीतच खाली सतरंजी टाकून ती झोपली तर प्रत्येक खोकल्याला जागी होणार. तुम्ही जागलात त्याचा तिला काही उपयोग होत नाही.

हा बेत बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यातच मोडतो. तिचा विश्वास बसत नाही आणि येणाऱ्याला काही माहीत नसतं. त्यामुळे ती रात्रभर उठून बघते, मग ‘राहू दे, मीच करते’ म्हणते आणि आलेला माणूस सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. यावर उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने शिकणं. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत करायचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही करायचं, तिने खोलीत बसून बघायचं. चौथ्या दिवशी ती घरातच, पण दुसऱ्या खोलीत. मग रात्र घ्यायची. नळी, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं), इन्शुलिन यांसारख्या गोष्टी नर्स किंवा डॉक्टरांकडून शिकून घेतल्याशिवाय करू नका.

खोलीच्या भिंतीवर एक कागद चिकटवा. त्यावर औषधांच्या वेळा आणि मात्रा, शेवटचं अन्न कधी दिलं, शेवटची कूस कोणती होती, युरिन बॅग कधी रिकामी केली, आणि रुग्णाच्या खुणा. या खुणा फक्त तिलाच माहीत असतात: डावा हात पलंगावर आपटला म्हणजे पाणी, भुवया आवळल्या म्हणजे डायपर ओला. त्या लिहून घेतल्या की रुग्णही नव्या माणसाकडे शांत राहतो. खाली तिला केव्हा उठवायचं ते लिहा: श्वास लागणं, नव्याने शुद्ध हरपणं, पुन्हा तोंड वाकडं होणं किंवा अंगाचा नवा भाग लुळा पडणं, फिट येणं, नळी निघणं, अंगात सणसणून ताप. नळी निघाली तर घरच्या घरी परत घालायचा प्रयत्न नको. बाकीच्यांत वाट न पाहता १०८ ला फोन.

कूस बदलण्याबद्दल डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: एअर मॅट्रेस (हवेची गादी) आहे आणि कातडी शाबूत आहे, तर रात्री दोन तासांऐवजी किती वेळाने कूस बदलली तर चालेल? काही रुग्णांच्या बाबतीत ते रात्रीचं अंतर वाढवून देतात. परस्पर वाढवू मात्र नका. कंबरेखाली, टाचांना किंवा नितंबांवर दाबूनही न जाणारी लाली दिसली तर तो बेडसोरचा, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा असतो. बेडसोर झाला की ड्रेसिंगचे तास वाढतात आणि ‘माझंच लक्ष कमी पडलं’ ही टोचणी तिला महिनोन्महिने पुरते.

‘काही लागलं तर सांग’ हे म्हणू नका

हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलं जातं आणि त्याने जवळजवळ कधीच मदत होत नाही. काय लागतंय ते आठवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, तोंड वेंगाडायचं, सगळं पुन्हा तिच्याच डोक्यावर. त्याऐवजी काम आणि वार दोन्ही सांगून विचारा. ‘मंगळवारी चार ते सात मी बसते, तू बाहेर जा.’ ‘महिन्याची औषधं आणि डायपर यापुढे मी मागवतो, चिठ्ठीचा फोटो पाठव.’ ‘शनिवारचा दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून.’

परदेशी असलेल्या मुलाने ‘इतक्या लांबून मी काय करणार’ म्हणून फक्त पैसे पाठवून मोकळं होऊ नये. विम्याचे कागद, बिलांचा हिशेब, डॉक्टरांच्या वेळा, आयाबाई पुरवणाऱ्या ब्युरोशी बोलणी ही सगळी कामं लांबून होतात. आणि एक काम तर लांबूनच चांगलं होतं. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेसात असतात, हिवाळ्यात साडेआठ. ही तिची सर्वांत धांदलीची वेळ. रोज त्या वेळी वीस मिनिटं व्हिडिओ कॉलवर वडिलांशी बोला, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवा, जुने फोटो दाखवा. फोन स्टँडवर लावला की तिला फक्त ‘सुरू’ करावं लागतं, आणि वीस मिनिटं रुग्णाचं लक्ष तुमच्याकडे असतं.

हे सगळं ठरवायला सर्व भावंडांची एक बैठक घ्या. रुग्णाच्या खोलीत नको. तो बोलत नसला तरी ऐकतो. पाऊण तास पुरतो. वर सांगितलेला तासांचा कागद आणि महिन्याच्या खर्चाचा कागद मधे ठेवा. कोण कोणती रात्र, कोण कोणतं काम, कोण किती रक्कम, हे लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसायची तारीख त्याच दिवशी ठरवा. तिने नोकरी सोडली असेल तर तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम जमा व्हायला हवी. हा उपकार नाही, तिच्या बुडालेल्या मिळकतीचा वाटा आहे, आणि तो तसाच बोलून दाखवावा. केमिस्टचं बिल द्यायला दर वेळी दिरापुढे हात पसरावा लागणं माणसाला आतून किती पोखरतं, ते बाहेरून दिसत नाही.

जुनी भांडणं या बैठकीत निघणारच. जमिनीचा विषय आला की ‘ते वेगळ्या दिवशी’ म्हणून तिथेच थांबवणारा एक माणूस आधी ठरवून ठेवा. मामा किंवा आत्या असल्या तर उत्तम.

रुग्ण असा का वागतो, हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं

दवाखान्यात हात-पाय, बीपी, साखर यांबद्दल सांगतात. वागणं बदलेल हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं, आणि घरी आल्यावर सर्वांत जास्त तेच लागतं.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर अनेकांचं बोलणं जातं. पण सवयीने तोंडात बसलेले शब्द, आकडे, देवाची नावं आणि शिव्या पुष्कळदा शाबूत राहतात. सांगायचं असतं ‘उशी सरकव’ आणि तोंडातून येते शिवी. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस रोज आपल्याला शिव्या घालतो, असं वाटून बायको खचते. ही शिवी तिला दिलेली नसते. त्या क्षणी मेंदूला सापडलेला तेवढाच शब्द असतो. स्पीच थेरपिस्ट चित्रांचा तक्ता करून देतात. पाणी, दुखतंय, लघवी, पंखा, कूस अशी आठ-दहा चित्रं आणि बोटाने दाखवायचं. भांडणाची बरीच कारणं त्याने कमी होतात.

दुसरं म्हणजे काही कारण नसताना हमसून रडणं किंवा हसत सुटणं. भेटायला आलेल्यांना वाटतं, घरात छळ चाललाय की काय. हासुद्धा मेंदूच्या इजेचा परिणाम असतो आणि त्यावर औषध आहे. झटका येऊन गेलेल्या साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्यावरही उपचार आहेत. व्यायामाला नकार, जेवताना तोंड मिटून घेणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, हे हट्ट म्हणून सोडून न देता पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टला सांगा. रुग्णाच्या नैराश्यावर उपचार सुरू झाले की सांभाळणाऱ्याचा दिवस हलका होतो. ही वाट बहुतेक घरांत कुणाला सुचत नाही.

बोलावं कसं

‘तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं’ या वाक्याने तिचं तोंड बंद होतं. एवढं ऐकल्यावर ‘मला आता होत नाही’ कसं म्हणणार? ‘देव परीक्षा बघतो’, ‘मागच्या जन्मीचं देणं’, ‘आमच्या सासूबाईंचं आम्ही सात वर्षं केलं’ ही वाक्यंही तसलीच. तिला विचारायचे प्रश्न साधे असतात: काल रात्री किती वेळा उठलीस? सध्या सगळ्यात जड काय जातंय? जेवलीस का, आणि गरम जेवलीस का? विचारून गप्प बसा. ती रडली तर पाणी द्या, थांबा. लगेच उपाय सांगू नका.

हे बोलणं घरात होत नाही, रुग्णाच्या कानावर पडेल म्हणून. गच्चीवर, बाजाराला जाताना, देवळाच्या पायरीवर होतं. तिला बाहेर काढायचं हे आणखी एक कारण.

कधीतरी ती म्हणेल, ‘सुटले तर बरं होईल त्यांचं.’ दचकू नका आणि ‘असं बोलू नये’ म्हणू नका. वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाच्या मनात हा विचार येतो आणि त्यापाठोपाठ स्वतःची लाजही वाटते. ‘इतकं दमल्यावर असं मनात येतं’ एवढं कुणीतरी म्हणणं तिला हवं असतं. पण ‘मीच सुटले तर बरं’ असं ती म्हणाली तर ते वेगळं. तिथे सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का? विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटीला ठेवू नका, घरातल्या झोपेच्या गोळ्या आणि शेतीची औषधं हाताशी राहू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येतं.

भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त

हे काम पूर्णपणे नातलगांनी अंगावर घ्यावं, कारण ती स्वतः कुणाला नाही म्हणू शकत नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका: भेटायची वेळ संध्याकाळी ५ ते ६, आधी फोन करून, वीस मिनिटं. चहाची अपेक्षा नको. येताना फळांपेक्षा भाजी-पोळीचा डबा आणा. ‘अमुक गावचा वैद्य’, ‘तमुक तेल’ हे तिला सांगायचं नाही, सांगायचंच असेल तर ग्रुपवर हे टाकणाऱ्याला सांगा. आणि रुग्णासमोर ‘किती खालावले’ म्हणायचं नाही. एवढ्याने रुसणारे रुसतील. रुसू द्या.

आयाबाई ठेवल्यावरही

ब्युरोकडून बारा तासांची आयाबाई किंवा मामा (पुरुष मदतनीस) आले की घरच्यांना वाटतं, प्रश्न सुटला. प्रत्यक्षात ते बारा तास स्वयंपाक, साफसफाई आणि साचलेल्या कामांत जातात आणि सांभाळणारी तितकीच दमलेली राहते. नियम करा: त्या बारांपैकी दोन तास घरकामाचे नाहीत. झोपायचे, फिरायचे, भजनी मंडळाचे, शिवणक्लासचे, काहीही, पण घराबाहेरचे असले तर उत्तम.

ठेवतानाच ब्युरोशी लेखी ठरवा: डायपर आणि नळीचं अन्न कामात धरलंय का, सुट्टीच्या दिवशी बदली देणार का, गणपती आणि दिवाळीत काय. सणाला आयाबाई गावी गेल्या आणि बदली आली नाही की आठवडाभर सगळं एकटीवर येतं. त्या आठवड्यांच्या पाळ्या महिनाभर आधी भावंडांत वाटून ठेवा.

उचलताना कंबर धरते तीही मनावर येते. रुग्णाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत एक दुपटी चादर कायम घातलेली ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून सरकवा. काखेत हात घालून ओढायचं नाही. त्यात तिची कंबर जाते आणि रुग्णाचा लुळा खांदा निखळायला येतो. तिचं बीपी आणि साखर दर तीन महिन्यांनी तपासा. रुग्णाच्या गोळ्या मिनिटावर देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्या महिन्यापूर्वी संपलेल्या असतात.

डॉक्टरांकडे केव्हा न्यायचं

सर्वांत भरवशाची खूण: झोपायची संधी मिळूनही झोप लागत नाही. तुम्ही रात्र घेतलीत, ती दुसऱ्या खोलीत आहे, आणि तरी टक्क जागी, असं दोन आठवडे चाललं तर तो केवळ थकवा राहिलेला नाही. जेवण तुटणं, आवडत्या माणसाचा फोनही न उचलणं, रुग्णाच्या पाकिटातली झोपेची गोळी स्वतः घेणं, मिश्री, तंबाखू किंवा दारू वाढणं याही खुणा. पुरुषांत बहुधा दारू आणि संताप आधी दिसतात.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी कोणताही फॅमिली डॉक्टर पाच मिनिटांत करू शकतो. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी व्हावी. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा असतो. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण कमी असले तरी थांबायचं नाही. सांभाळण्याचा ताण मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, ८८ गुणांची. दर सहा महिन्यांनी केली तर ताण वाढतोय की उतरतोय ते कळतं. ‘मला काय वेड लागलंय का’ असं ती म्हणाली तर मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाने अडून बसू नका. सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करा.

हात उगारला जाणं, जोरात ढकलणं, चिमटा काढणं, जेवण मुद्दाम उशिरा देणं असं घडू लागलं तर तिला दोष देत बसायला वेळ नाही. त्याच दिवसापासून दुसरं माणूस त्या खोलीत हवं. तिला आधीच सांगून ठेवा: डोक्यात सणक गेली की पलंगाचे कठडे वर करायचे, रुग्ण कुशीवर नीट आहे ना ते बघायचं आणि पाच मिनिटं खोलीबाहेर यायचं. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. तुमच्यापैकी एकाचा फोन त्या वेळेसाठी कायम उघडा असावा.

रुग्णाचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. हे हेलपाटे तिने घालायचे नाहीत. एका पुतण्याला हे काम द्या. घरच्यांचे गट असतात तिथे तिला एकदा तरी न्या. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा आजारांगणिक संस्था आहेत, तिथे रुग्णांबरोबर घरचेही जमतात. तुमच्या गावात अर्धांगवायूसाठी काही नसेल तर फिजिओला विचारा. त्याच्याकडे येणाऱ्या चार घरांना महिन्यातून एकदा एकत्र बसवणं अवघड नाही. जे नातलगांना सांगता येत नाही ते ती तिथे बोलते.

रुग्ण गेल्यानंतर

दिवसकार्य संपेपर्यंत घर भरलेलं असतं. त्यानंतरचे दोन-तीन महिने तिला जपायचे असतात. ‘आता तू मोकळी झालीस’ म्हणू नका. कित्येकींना पुढचे काही आठवडे रात्री दर दोन तासांनी जाग येत राहते. पलंग, एअर मॅट्रेस, कमोड चेअर लगेच कुणाला देऊन टाकायचं की थोडं थांबायचं, हे तिला विचारून ठरवा. दरमहा तिच्या खात्यात येणारी रक्कम त्याच महिन्यात बंद करू नका. नोकरी, शिक्षण किंवा वारसाचे कागद मार्गी लागेपर्यंत किमान सहा महिने चालू ठेवा. दोन महिन्यांनंतरही झोप आणि भूक परतली नाही, तर वर सांगितलेल्या त्याच डॉक्टरांकडे पुन्हा न्या.